राहायला कुठं?

"घरात मतं किती?"

बीएलओ म्हणून, म्हणजे मतदार यादी तपासणारा बूथचा अधिकारी म्हणून, दारात उभं राहिलं की तोंडातून पहिला प्रश्न हाच निघतो. माणसं किती, असं आम्ही विचारतच नाही. २०२३ साली सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका बोळात मी यादी घेऊन फिरत होतो. उंबऱ्याच्या आत एक अक्का मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "चार."

आत मोजली तर माणसं पाच. पाचवा तिशीतला मुलगा भिंतीला टेकून बसला होता. आईनं वळलेल्या विड्या मोजून तो कट्टे बांधत होता. मी त्याच्याकडं बोट केलं.

"त्याचं मत नसतंय सर. त्याला कळत नाही."

खरं सांगायचं तर मी "बरं" म्हणून पुढच्या दाराला जाणार होतो. अकरा वर्षं तेच केलं होतं. कुणाच्या घरी मागच्या खोलीत एक काकू, कुणाच्या माळवदावर एक भाऊ, आणि घरच्यांचं एकच वाक्य: त्याला कळत नाही, लिहू नका. मीही लिहायचो नाही. पण त्या दिवशी उन्हानं जीव मेटाकुटीला आला होता, अक्कांनी पाणी दिलं, मी टेकलो, आणि सहज तोंडातून गेलं, "त्याचं मत नाही हे ठरवलं कुणी?" त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मला तरी कुठं ठाऊक होतं?

त्या रात्री कायदा काढून वाचला. मग त्याचा इतिहास वाचत गेलो. आपल्याकडं फारशी न बोलली जाणारी, पण कायद्याच्या इतिहासकारांनी बरीच उकरून काढलेली ती गोष्ट आहे. मी वकील नाही, मराठीचा शिक्षक आहे. तेव्हा मास्तर सांगेल तशी सांगतो.

सुरुवात संविधानापासून. कलम ३२६ म्हणतं की वयात आलेल्या प्रत्येक नागरिकाला मतदार म्हणून नाव नोंदवायचा हक्क आहे. आधी वयाची अट २१ होती, ६१ व्या दुरुस्तीनं १९८९ पासून ती १८ झाली. हक्क काढून घ्यायची कारणं त्याच कलमात मोजकी दिली आहेत: त्या मतदारसंघात राहत नसणं, मनोविकलता, गुन्हा आणि निवडणुकीतले भ्रष्ट किंवा बेकायदा प्रकार. त्यातलं मनोविकलता म्हणजे नेमकं काय, ते १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १६ सांगतं. माणूस मनोविकल असला पाहिजे आणि सक्षम न्यायालयानं त्याला तसं जाहीर केलेलं असलं पाहिजे.

मुलांना व्याकरण शिकवताना मी उभयान्वयी अव्ययाला कधी फार भाव दिला नाही. इथं मात्र अख्ख्या कलमाचा भार त्या एका "आणि"वर आहे. नुसता आजार असून भागत नाही. सिव्हिल हॉस्पिटलनं दिलेला पंचाहत्तर टक्क्यांचा दाखला, दिव्यांगांचं ओळखपत्र, डॉक्टरची चिठ्ठी, शेजाऱ्यांचं मत, आईची माया, यातलं काहीही न्यायालय नव्हे. नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्याखाली स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या सज्ञान मुलांना कायदेशीर पालक नेमून मिळतो. पण तो नेमते जिल्ह्यातली स्थानिक समिती, म्हणजे तेही न्यायालय नव्हे. पालक नेमला म्हणून मत गेलं, असं होत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा तर स्पष्टच सांगतो की एखाद्याला मानसिक आजार आहे एवढ्यावरून तो मनोविकल ठरत नाही.

म्हणजे त्या बोळातला पाचवा माणूस पहिल्या दिवसापासून मतदार होता. फक्त त्याचं नाव कुणी लिहिलं नव्हतं, आणि न लिहिणाऱ्यांत मी एक.

आता प्रश्न असा पडतो की या "न्यायालयानं जाहीर केलेलं" प्रकरणाचा उगम कुठला? मत द्यायची अक्कल तपासण्यासाठी कुणी ही पद्धत बसवली असेल असं वाटतं ना? तसं नाही. ती बसवली जमिनीसाठी.

१८५८ साली कंपनीच्या राज्यकर्त्यांनी वेडाबद्दलचे कायदे एका झटक्यात केले. त्यांतला एक वेड्यांच्या इस्पितळांचा, तर एक जिल्हा न्यायालयांनी करायच्या चौकशीचा. या चौकशीत विचारायचं काय, तर हा मनुष्य स्वतःचा आणि स्वतःच्या मालमत्तेचा कारभार बघू शकतो का. समजा, बार्शीकडच्या एखाद्या घरातला थोरला भ्रमिष्ट झाला. चाळीस एकर त्याच्या नावावर. सावकार दारात, भाऊबंद टपलेले, मुलं लहान. मग कुणीतरी जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा, न्यायाधीश चौकशी करायचे, त्याला मनोविकल जाहीर करायचे आणि जमिनीवर व्यवस्थापक नेमायचे. घोषणा व्हायची ती सातबाऱ्यापायी.

ज्याच्याकडं जमीनच नाही त्याच्यासाठी इतका खटाटोप कोण करणार? त्याचा रस्ता वेगळा होता. १९१२ च्या भारतीय वेडेपणा कायद्यात (नावच तसं होतं, इंडियन ल्युनसी अ‍ॅक्ट) मोकाट फिरणाऱ्या, धोकादायक वाटणाऱ्या माणसाला पोलिसांनी धरून मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं आणि मॅजिस्ट्रेटनं इस्पितळात भरतीचा हुकूम द्यायचा. तो हुकूम भरतीचा असायचा. जिल्हा न्यायालयाच्या चौकशीसारखी मालमत्तेपायी केलेली ती घोषणा नव्हती. एकाच आजाराला असे दोन रस्ते झाले: जमीनवाल्याला कोर्ट, बिनजमिनीला कोठडी.

आता हे मताला कसं येऊन चिकटलं ते बघा. इंग्रजांच्या काळात मत होतं मूठभरांना. सारा भरणारा, कर भरणारा, थोडाफार शिकलेला, एवढ्यांनाच. १९३५ च्या कायद्यातही मतदार यादीतून वगळायचं ते न्यायालयानं मनोविकल जाहीर केलेल्याला. त्यात एक हिशेब होता: मतदार म्हणजे मालमत्तावाला, आणि मालमत्तावाल्याच्या वेडाची नोंद जिल्हा न्यायालयात. दोन्ही वह्या एकाच कपाटातल्या. १९५० साली मात्र मत सगळ्यांना मिळालं. गिरणीतल्या कामगाराला, विडी वळणाऱ्या बाईला, देवळाच्या पायरीवरच्या माणसाला. तरी ते जुनं वाक्य जसंच्या तसं नव्या कायद्यात येऊन बसलं. भाड्याच्या खोलीतला जुना भाडेकरू घर विकलं तरी उठत नाही, तसं.

गंमत पुढं आहे. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं "वेडा" हा शब्द घालवला, पण मालमत्तेसाठीच्या न्यायालयीन चौकशीचं प्रकरण ठेवलं. २०१७ च्या कायद्यानं ते प्रकरणच वगळलं. निवडणूक कायदा आजही "सक्षम न्यायालयानं जाहीर केलेला" म्हणतो, आणि ज्या ओळखीच्या दारानं ती घोषणा व्हायची ते दार आता त्या कायद्यात उरलेलं नाही. कुलूप लोंबतंय, दरवाजा गेला. तरी गावोगावी लोक त्या कुलपाचा धाक घेतात, कारण कलम कुणी वाचत नाही. "वेड्याला मत नसतं" एवढंच सगळ्यांना पाठ.

मग बिनजमिनीचा, इस्पितळात भरती झालेला माणूस? तो घोषणेच्या जाळ्यात सापडत नाही, म्हणजे त्याचं मत शाबूत असायला हवं. तसं होत नाही, कारण त्याच्यासाठी दुसरं कलम आहे. ते वाचेपर्यंत मला वाटत होतं की सगळा प्रश्न डोक्याचा आहे. खरा प्रश्न पत्त्याचा निघाला.

१९५० च्याच कायद्याचं कलम २०. मतदार होण्यासाठी माणूस त्या मतदारसंघात "सर्वसाधारणपणे राहणारा" असावा लागतो, आणि राहणं म्हणजे काय हे या कलमात सांगितलंय. पोटकलम २ असं: मानसिक आजारी किंवा मतिमंद माणसांना ठेवण्यासाठी, उपचारांसाठी चालवलेल्या संस्थेत एखादा रुग्ण असेल, किंवा कुणी तुरुंगात असेल, तर केवळ त्या कारणानं तो तिथला रहिवासी मानला जाणार नाही.

वरवर बघता यात वावगं काही नाही. चार महिन्यांसाठी इस्पितळात गेलेला माणूस तिथला रहिवासी कसा होईल? त्याचं घर आहे, तिथं त्याचं नाव राहू दे. बाळंतपणाला माहेरी गेलेल्या लेकीचं नाव आपण सासरच्या यादीतून काढतो का? पण हे झालं परत येणाऱ्या माणसाचं. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. आपल्याकडं कुणी जरा तऱ्हेवाईक वागलं की "येरवड्याला धाडा" म्हणायची पद्धत आहे, आणि म्हणताना सगळे हसतात. ज्याला खरोखर धाडलं आणि ज्याला न्यायला कुणी आलंच नाही, त्याचं काय? वर्ष जातं, पाच जातात, वीस जातात. इकडं सोलापुरात माझ्यासारखा बीएलओ येतो. घरचे म्हणतात, "ते हितं राहत नाहीत." रीतसर सात नंबरचा अर्ज भरला जातो, नाव कटतं. तिकडं येरवड्यात "केवळ रुग्ण म्हणून" तो तिथला नाही. हितला नाही, तितला नाही. कुठल्याही न्यायालयानं त्याला काही जाहीर न करता मत गेलं.

हे फक्त आपलंच आहे असं नाही. ब्रिटनच्या १९४९ च्या निवडणूक कायद्यात असंच कलम होतं, आणि आपला कायदा त्यानंतर वर्षभरानं झाला, हे लक्षात घ्या. तिकडं १९८२ साली थोडी सवलत दिली. मनोरुग्णालयात आपखुशीनं राहणाऱ्याला नाव नोंदवता येईल, मात्र त्यानं बाहेरचा पत्ता द्यायचा आणि घोषणापत्र कुणाच्याही मदतीशिवाय भरायचं. ही अट वाचून मला आमच्या नोंदणी शिबिराची आठवण झाली. तिथं धडधाकट माणसं "सर, तुम्हीच भरा की" म्हणून फॉर्म पुढं करतात, आणि आम्ही भरतो. २००० साली ब्रिटननं इस्पितळाचा पत्ताही चालतो असं केलं, आणि मानसिक अक्षमतेवरून मत नाकारणारा परंपरेनं चालत आलेला नियम २००६ साली रद्द केला. आपलं पोटकलम मात्र जिथल्या तिथं.

या पत्त्याच्या भानगडीवर सगळ्यांत नेटकं काम केलंय ते अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कायदा-इतिहासकार रबिया बेल्ट यांनी. त्यांनी अशी माणसं निवडली ज्यांना मत नाकारायची कुणाची छाती होऊ नये: लढाईत जायबंदी झालेले सैनिक. अमेरिकेचं गृहयुद्ध १८६५ ला संपलं. हात-पाय गमावलेल्या हजारो सैनिकांसाठी केंद्र सरकारनं मोठाली आश्रयगृहं काढली. त्यांतलं एक ओहायो राज्यातल्या डेटन गावाजवळ. बंदुकीची गोळी झेलली म्हणून मतपत्रिकेवर हक्क, अशी तिकडची समजूत. जायबंदी सैनिकाच्या पुढं झुकणारी माणसं. पण शेकडो सैनिक एकाच आवारात राहायला आले आणि एकगठ्ठा मतं टाकू लागले तशी गावकऱ्यांची भक्ती ओसरली. हे इथले आहेत कुठं? हे तर सरकारी अन्नावर जगणारे! निवडणुकीचा वाद कोर्टात गेला, आणि १८६९ साली ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आश्रयगृहाची जमीन केंद्राच्या अधिकारात गेलेली आहे, म्हणून तिथं राहणारे ओहायोचे रहिवासीच नाहीत. पुढं १८७१ साली काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, जमिनीवरचा अधिकार राज्याला परत दिला तेव्हा कुठं ते निस्तरलं.

निकालात त्यांच्या अकलेवर कुणी बोट ठेवलं नाही, देशप्रेमावर तर नाहीच. विचारलं एवढंच: राहायला कुठं? बेल्ट यांचं म्हणणं थोडक्यात असं की मताचा इतिहास आपण जात, वंश, बाईपण, गरिबी यांच्या अंगानं लिहितो आणि अपंगत्वाकडं बघत नाही. नीट बघितलं तर आश्रयगृह, इस्पितळ, धर्मशाळा या भिंतींनी किती मतं गिळली ते दिसतं. वंशभेदाच्या कायद्यांसारखा त्याचा गाजावाजा झाला नाही. ते कारकुनाच्या टेबलावर झालं.

भिंतीचा पत्ता माणसाला कसा चिकटतो हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. आपल्याकडं "सेटलमेंट" आहे. १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या पाठबळावर इंग्रजांनी ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, त्यांना तारेच्या कुंपणात आणून वसवलं, हजेरी लावली, गिरण्यांत कामाला धाडलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा देशभर संपला. आज कुंपण नाही, पण रिक्षावाल्याला आजही "सेटलमेंट" म्हटलं की कळतं. तिथली गोष्ट अपंगत्वाची नाही, आणि दोन्ही एकाच मापानं मोजू नयेत. तिथं पत्ता माणसाबद्दल नको इतकं सांगत होता. मनोरुग्णालयात पत्ता काहीच सांगत नाही, ही उलटी तऱ्हा. पण कायद्यानं आधी कोंडायचं आणि मग कोंडलेल्या जागेवरून माणूस ओळखायचा, ही चाल तीच.

त्याच चालीतला आणखी एक कायदा या भागाला लागू झाला, १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा. भीक मागणं म्हणजे काय, याच्या व्याख्येत पैसे मिळावेत म्हणून जखम, व्यंग किंवा रोग उघडा दाखवणं हेही आहे. सोलापुरातल्या सिद्धेश्वरच्या गड्डा यात्रेच्या वेळी वाटेवर बसणाऱ्यांपैकी निम्मे त्यात बसतील. पकडलेला माणूस आंधळा, पांगळा किंवा कायमचा असहाय असेल तर त्याला अनिश्चित काळ संस्थेत ठेवायची तरतूदही त्यात आहे. चोराला शिक्षेची तारीख असते, पांगळ्याला नाही! दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ साली दिल्लीपुरता हा कायदा बराचसा मोडीत काढला. इकडं २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्र सरकारला सांगावं लागलं की मनोरुग्णालयातून बरी झालेली माणसं भिक्षेकरी गृहात आणि तसल्या संस्थांत हलवणं थांबवा. म्हणजे एका कोंडवाड्यातून दुसऱ्यात. २०१७ च्या कायद्याचं कलम १९ म्हणतं की घरचे स्वीकारत नाहीत, घर नाही, किंवा समाजात सोय नाही, एवढ्या कारणानं कुणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. कलम सोन्यासारखं आहे. पण इस्पितळातून बाहेर पडलेल्याला घर कोण देणार, हे कलमाला सांगता येत नाही.

याच गुंत्यातून वाट काढायचा एक प्रयत्न चेन्नईला झाला. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत किल्पॉकच्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत राहणाऱ्या शंभराहून जास्त रुग्णांची नावं यादीत आली आणि मतदान केंद्र त्यांच्याच आवारात उघडलं. कलम २०(२) असताना हे कसं? पुन्हा व्याकरण. कलम म्हणतं "केवळ त्या कारणानं" रहिवासी मानू नये. वर्षानुवर्षं तिथंच राहणारा, दुसरं घर नसणारा माणूस तिथला रहिवासी आहेच, आणि ते केवळ रुग्ण आहे म्हणून नव्हे. निदान मी तरी ते असं वाचतो. ज्यांनी त्यांची नावं लिहिली तेही कुठल्यातरी यादीभागाचे बीएलओच असणार. मी त्यांना मनातल्या मनात रामराम घातला.

आता मूळ प्रश्नाकडं येतो, कारण इथपर्यंत वाचणाऱ्याच्या मनात तो वळवळत असणार. पत्ता-बित्ता ठीक, पण ज्याला खरंच कळत नाही त्याचं काय?

यावर युरोपात दोन पायऱ्यांत उत्तर आलं, आणि दोन्हीत पक्षकार हंगेरीचे. पहिल्या प्रकरणात अलायोश किश नावाचे गृहस्थ. त्यांना उन्माद-नैराश्याचा आजार. २००५ साली त्यांच्यावर अंशतः पालकत्व बसवलं, आणि २००६ च्या निवडणुकीत कळलं की यादीतून नाव गायब. हंगेरीच्या संविधानानंच पालकत्वाखालच्यांचं मत काढून टाकलं होतं. युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं २०१० साली सांगितलं की असं सरसकट, माणूस न बघता मत काढणं चूक. म्हणजे माणूस बघून, न्यायाधीशानं तपासून काढलं तर? ती फट उरली. मग हंगेरीचेच सहा जण संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क समितीकडं गेले. दिव्यांग हक्कांचा करार २००६ सालचा, भारतानंही त्यावर २००७ ला पक्की मोहर उठवली आहे. त्या समितीनं २०१३ साली फट बुजवली. एकेकट्याला तपासून काढणंसुद्धा भेदभावच, कारण ही परीक्षा फक्त दिव्यांगांची घेतली जाते.

बऱ्याच विद्वानांना ही दुसरी पायरी फार उंच वाटते. त्यांचं म्हणणं, कुणीतरी त्याच्या नावानं मत टाकेल. भीती खोटी नाही, पण ती गैरवापराची भीती आहे, आणि त्याचा बंदोबस्त मत काढून होत नाही. मी इतकी वर्षं बूथच्या दारात काढली आहेत. आदल्या रात्री पाकीट घेतलेला माणूस येतो. नवऱ्यानं चिन्ह पाठ करून घेतलेली बाई येते. "कुणाला टाकायचं ओ सर?" असं मलाच विचारणारा पदवीधर येतो. त्यांच्या समजुतीचा दाखला कुणी मागत नाही, मागूही नये. आता तुम्ही म्हणाल मास्तर एका बाजूनं बोलतोय. बोलतोय खरा.

दुसरं एक बघा. अमेरिकेतल्या मेन राज्यात मानसिक आजारामुळं पालकत्वाखाली असलेल्यांना मत नव्हतं. ही बंदी उठवायचा प्रस्ताव सार्वमताला गेला तेव्हा लोकांनी तो फेटाळला. शेवटी २००१ साली तिथल्या संघीय न्यायालयानं बंदी घटनाबाह्य ठरवली. म्हणजे हा प्रश्न सरकारी दुष्टपणाचा म्हणून सोडून देता येत नाही. आपल्यासारख्या चांगल्या माणसांनी, हात वर करून, शेजाऱ्याचं मत नको म्हटलं होतं.

शरीरानं दिव्यांग असलेल्यांच्या बाबतीत आपल्याकडं निदान गाडी हलली आहे. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयानं केंद्रांवर उतरण, म्हणजे रॅम्प, बांधायला लावली, यंत्रावर ब्रेल आकडे आले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ११ सांगतं की सगळी मतदान केंद्रं दिव्यांगांना जाता येण्यासारखी हवीत. प्रत्यक्षात काही शाळांतली उतरण इतकी खडी असते की खुर्ची वर न्यायला चौघं लागतात आणि खाली आणायला सहा. ते जाऊ द्या. २०१९ पासून चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असणाऱ्याला १२-ड फॉर्म भरून घरून मत देता येतं. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यावर पाच दिवसांच्या आत फॉर्म द्यायचा, मग अधिकारी, पोलीस आणि व्हिडिओवाला असं पथकच घरी येतं. आमच्या गल्लीतल्या एका आजींकडं असं पथक आलं तेव्हा मी बघायला गेलो होतो. दहा बाय दहाची खोली, त्यात पुठ्ठ्याचा आडोसा, आणि दारात अर्धी गल्ली. आजी खूश होत्या. त्यांची सून मात्र नंतर म्हणाली, "आत्याबाईंना रांगेत उभं राहायचं होतं ओ. तेवढ्याच चार बायका भेटतात." ज्याला हलता येत नाही त्याला ही सोय वरदान आहे. पण उतरण बांधण्यापेक्षा पेटी घरी धाडणं स्वस्त, असा हिशेब कुणी मांडू लागलं तर पुन्हा माणूस भिंतीआडच राहतो.

आणि सोबत्याचा नियम. निवडणूक नियम ४९-एन म्हणतो की दृष्टिहीन किंवा शारीरिक दुर्बल मतदार सोबत अठरा वर्षांवरचा सोबती आत नेऊ शकतो. एका सोबत्यानं दिवसभरात एकाचंच मत टाकायचं आणि ते गुप्त राखायचं. नियमातला शब्द आहे शारीरिक. बौद्धिक दिव्यांगाला चिन्ह दिसतं, बोटही चालतं, म्हणून नियमानं त्याला सोबती नाही.

७ मे २०२४. सोलापुरात त्या दिवशी सावलीसुद्धा भाजत होती. मी शाळेच्या फाटकात टेबल टाकून यादीतले नंबर काढून देत होतो. दुपारी अक्का आल्या, मुलाचा हात धरून. मी त्यांच्या घरी परत जाऊन सहा नंबरचा फॉर्म भरला होता. त्याचं नाव आता यादीत होतं, आईच्या खालच्याच नंबरला. पाच मिनिटांत आतून मोठा आवाज आला म्हणून मी दारापर्यंत गेलो.

एका उमेदवाराचा प्रतिनिधी उठून उभा होता. "साहेब, ह्याला काय कळतंय? ह्याचं मत घेऊ नका."

केंद्राध्यक्ष दुसऱ्या तालुक्यातले तरुण इंजिनिअर होते. घामानं भिजलेले, पण डोकं थंड. त्यांनी पुस्तिका उघडली, पानं उलटली आणि शांतपणे म्हणाले, "आक्षेप घेता येतो. दोन रुपये भरा, पावती देतो. पण आक्षेप एवढाच, की यादीतला माणूस हा नव्हे. तसं म्हणायचंय?"

प्रतिनिधी गोंधळला. "तसं नाही ओ. माणूस हाच आहे. आमच्याच बोळातला आहे."

"मग बसा."

शाई लावली. अक्का सवयीनं मुलाबरोबर आडोशाकडं निघाल्या, तसं केंद्राध्यक्षांनी हातानं थांबवलं. "तुम्ही नाही मावशी. त्यांना एकट्यांना जाऊ द्या." अक्कांनी हात सोडला. चेहऱ्यावर अशी भीती, की पोरगं पहिल्यांदा शाळेत निघालंय.

तो आत गेला. वेळ लागला. रांगेतून कुणीतरी "लवकर की बे" म्हणालं. मग बीप वाजली, पण तो बाहेर येईना. व्हीव्हीपॅटच्या काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि खाली पडते. ती पडून गेली तरी तो वाकून काचेत बघत होता. घरी कट्टे बांधताना त्याला मोजून हातावेगळी केलेली वस्तू परत दिसते. इथं ती गेली कुठं, ते शोधत असावा.

"झालं रे," प्रतिनिधीच म्हणाला, जरा हळू आवाजात. आणि आपल्या यादीत त्याच्या नावापुढं खूण करून पुढचा नंबर बघायला लागला.